निळी ताडपत्री : चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०१९
सरांनी सांगितलंय, प्रकल्पाची वही रोज नाही तरी आठवड्याला एकदा लिहायची आणि ज्युरीला दाखवायची. ज्युरीला दाखवायच्या वहीत खरं कोण लिहिणार? म्हणून दोन वह्या केल्यात. ही दुसरी.

विषय लिहून दिला : ताडपत्री. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मागच्या वर्षी एकीनं पाण्याच्या टाक्या केल्या, त्याआधी एकानं एसीचे डबे. बरं. ताडपत्री."

विषय मुंबईच्या हार्बर लाइनच्या गाडीत सापडला. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड या पट्ट्यात मे संपता संपता छपरं निळी व्हायला लागतात. वर विटा, टायर, मोडक्या सायकलचं चाक, एके ठिकाणी कमोड. वारा आत शिरला की अख्खं छप्पर श्वास घेतल्यासारखं वर येतं आणि बसतं. कॅनव्हास चार बाय पाच फूट, तैलरंग. दोन मोठी, सहा छोटी, असा कागदावरचा हिशेब.

२४ जून
आज दिवसभर फक्त निळा. मस्जिद बंदरहून ताडपत्रीचा मीटरभर तुकडा आणलाय, तो ईझलला क्लिपनं लावला आणि शेजारी रंग जुळवत बसले.

अल्ट्रामरीनमध्ये पांढरा घातला की जांभळट होतो, लगेच आकाश वाटायला लागतो. सेरुलियन हिरव्याकडे झुकतो आणि त्याला जोर नाही. कोबाल्टची ट्यूब दुकानात हातात घेतली, किंमत पाहून परत ठेवली. शेवटी थॅलो ब्लू आणि टिटॅनियम व्हाइट. लिंबाएवढ्या पांढऱ्यात मोहरीएवढा थॅलो. बसला! तुकड्यावर बोट पुसलं तर बोट कुठे टेकलं ते दिसेना. थॅलो आगाऊ रंग आहे, नखात राहिला तर रात्री भाताला लागतो. पण आज त्याचे सगळे गुन्हे माफ.

संध्याकाळी लायब्ररीत वाचलं की थॅलोसायनिन हेच रंगद्रव्य प्लास्टिक रंगवायलाही वापरतात. म्हणजे सहा तास मी जे शोधत होते, ते कारखानदारानं आधीच वापरून ठेवलेलं होतं.

२ जुलै
सरकारनंच सुट्टी जाहीर केलीय, मुंबई बंद. सांताक्रूझला चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर पाऊस. होस्टेलच्या जिन्यात पाणी, भिंतीला बुरशीचा वास. कॅनव्हासचा पहिला हात शुक्रवारी दिलाय, अजून बोटाला लागतोय. टिटॅनियम व्हाइट मुळात सावकाश वाळतो, त्यात ही हवा. शिवाय मी घाईत तेल जास्त घातलं. खाली तेल कमी, वर जास्त, हा नियम पहिल्या वर्षात पाठ केला होता.

रूममेट म्हणते, ज्या वस्तूनं पाणी अडवायचं तिचंच चित्र दमटपणामुळे वाळत नाहीये, हेच लिही वहीत. पहिल्या वहीत लिहिलं.

१३ जुलै
चुकलंय कुठे ते कळत नव्हतं. आज कळलं. माझी ताडपत्री साटनची दिसते.

चार वर्षं स्टिल लाइफमध्ये घड्यामागे पडदा, पडद्याला चुण्या, चुणीच्या पोटात गडद, कडेला उजळ. हात आपोआप तेच करतो. कोणतंही कापड समोर आलं की त्याची पैठणी करतो. पण ताडपत्रीला चुणी पडतच नाही, घडी पडते. कडक, कागदासारखी, आणि घडीची रेघ पांढरट पडते. तुकडा घेऊन दहा वेळा दुमडला आणि पाहिला. आत पॉलिथिनच्या पट्ट्यांचं विणकाम, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर. घडी पडते तिथं तो थर दुखावतो आणि पांढरा होतो. तिथं उजेड पडलेला नसतो, ती जखम असते. आणि मी तिथं उजेड रंगवत होते.

अख्खा वरचा डावा कोपरा खरवडून काढला.

२० जुलै
चित्रावर सर : "सुबक आहे."
आमच्याकडे सुबक ही शिवी आहे.

मग म्हणाले, एनॅमल करून बघ, बरव्यांसारखं. फेब्रुवारीत एनजीएमएत (सरकारी आधुनिक कला संग्रहालयात) चित्रकार प्रभाकर बरव्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन पाहिलं होतं. घड्याळ, पान, रिकामा डबा अशा वस्तू सपाट चकचकीत पृष्ठभागावर एकमेकींपासून हात राखून बसलेल्या, आणि काचेखाली त्यांच्या वह्या. तेव्हा मी वह्यांसमोरच जास्त वेळ उभी होते, चित्रं थंड वाटली होती. एनॅमल म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला, दारं-खिडक्यांचा रंग. तो कॅनव्हासवर घ्यायचा, ही त्यांची निवड मला तेव्हा हट्ट वाटली होती.

प्लायच्या तुकड्यावर मारून पाहिला. ब्रशची खूण राहत नाही, रंग स्वतःच पसरून सपाट होतो. हाताची सगळी हुशारी बंद. चित्रं थंड का वाटली ते आता समजतं, आणि थंड असण्यात काही वाईट नाही हेही. पण माझा निळा एनॅमलमध्ये अगदी फर्निचरसारखा दिसला. प्लाय खाटेखाली गेला.

६ ऑगस्ट
घरी फोन. कुरुंदवाडात पाणी वाढतंय. नृसिंहवाडीचं दत्तमंदिर दरवर्षी बुडतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण आण्णा म्हणाले, २००५ ला पाणी जिथं थांबलं होतं ती खूण सकाळीच बुडाली. म्हशी शाळेच्या माळावर नेल्यात.
"मी येतो उद्या," म्हटलं. (घरी बोलताना मी 'येतो'च म्हणते. इथल्या मुली हसतात. आमच्याकडं पोरीबी येतो-जातो म्हणतात, काय करायचं ते करा.)
"येऊ नगो. हायवे बंद हाय. शिरोलीजवळ रस्त्यावर पाणी हाय."

१० ऑगस्ट
सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. घरचे शाळेत आहेत, सगळे धड आहेत. फोन दिवसातून एकदा लागतो. स्टुडिओत बसवत नाही. टीव्हीवर बोटी, आणि सगळीकडे तो निळा. छावणीच्या छपराला निळा, ट्रकवर निळा, पोत्यांवर निळा. जूनमध्ये सहा तास बसून जुळवलेला.

२६ ऑगस्ट
घरी जाऊन आले. भिंतीवर माझ्या कपाळापर्यंत चिखलाची सरळ रेघ, ओळंबा लावून काढल्यासारखी. माझ्या इंटरमिजिएटच्या सर्टिफिकेटची फ्रेम गाळानं भरलेली, काच मात्र शाबूत. आठ दिवस फक्त गाळ काढला. गोठ्याचे पत्रे गेले, तिथं मदतीच्या गाडीतून आलेली ताडपत्री बांधलीय.

काढलेलं एकही स्केच नाही. वही नेली होती, उघडली नाही.

५ सप्टेंबर
गणपती. काल पुन्हा मुंबई तुंबली. काम शून्य.

११ सप्टेंबर
सरांनी इब्राहिम महामाचे फोटो दाखवले. घानाचा कलाकार, कोकोची ज्यूटची पोती एकमेकांना शिवून अख्ख्या इमारती झाकतो. २०१५ ला व्हेनिस बिएनालेत केलं, मग २०१७ ला डॉक्युमेंटात, दोन्ही जगातली मोठी कला-प्रदर्शनं. पोती आशियात बनतात, घानात कोको भरायला येतात, मग त्यांतून कोळसा जातो. त्यांच्यावर शिक्के, नावं, ठिगळं सगळं राहतं.

सर म्हणाले, "तू ताडपत्री रंगवतेस कशाला? ताडपत्रीच लाव ना."

वर्गात दोन तास भांडण. अर्धा वर्ग म्हणतो आता पेंटिंग कोण बघतं, अर्धा म्हणतो मग चार वर्षं पोर्ट्रेट कशाला घासलं. मी काहीच बोलले नाही, कारण मस्जिद बंदरचा माझा तुकडा डोळ्यांपुढं होता. तो कोरा आहे. त्यानं काहीही झाकलेलं नाही. तो भिंतीला लावला तर भिंतीला लावलेलं प्लास्टिक, एवढंच. महामाचं पोतं आधी राबलंय, मग भिंतीवर आलंय.

लायब्ररीत अतुल दोडियांच्या शटरवरच्या चित्रांचा कॅटलॉग काढला. दुकानाचं खरं लोखंडी शटर, त्यावर एनॅमलमध्ये चित्र, शटर वर केलं की आत दुसरं चित्र. हे जमलंय, कारण शटर तिथंही शटरचंच काम करतं, उघडतं आणि बंद होतं. माझी ताडपत्री गॅलरीत काय करणार? गॅलरी गळत नाही. (आमचा स्टुडिओ गळतो, ही वेगळी गोष्ट.)

१९ सप्टेंबर
तडजोड : ताडपत्रीवरच चित्र काढायचं. अॅक्रिलिक, थेट. तीन हात दिले, निळ्यावर निळा, घड्यांच्या जागी पांढरट. छान दिसत होतं.

२१ सप्टेंबर
सकाळी कोपऱ्यात रंग उचलला गेला होता. नखानं ओढला तर केळीच्या सालीसारखा निघत आला, न फाटता, वीतभर. पॉलिथिनला काहीच धरत नाही, तेल नाही, अॅक्रिलिक नाही, फेविकॉलही नाही. म्हणून तर डिंकाच्या बाटल्या पॉलिथिनच्या असतात. हे आठवी-नववीत कळायला हवं होतं.

रडू आलं. मग रागानं सगळाच रंग ओढून काढला आणि बाकावर टाकला.

रूममेटनं तो उचलून खिडकीशी धरला. "अगं, हे बघ."

पाठच्या बाजूला विणकाम उठलं होतं. पट्टीगणिक पट्टी, उभी-आडवी. घडीची रेघ उठली होती. कडेला दोरी ओवायच्या पितळी आयलेटचा गोल, त्याच्या दातांसकट. दोन महिने ब्रशनं जे जमलं नाही ते रंगानं निघून येताना आपणच केलं होतं.

२२ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर
चाचण्या, घाईत लिहितेय.
फेविकॉल : स्वस्त, सालही निघते. पण दमट हवेत चिकट होते आणि पाण्याचा थेंब पडला की दुधासारखी पांढरी. बाद.
अॅक्रिलिक मीडियम (रंग न घातलेलं, पारदर्शक अॅक्रिलिक) : एकच जाड हात दिला तर आतून वाळत नाही, धुरकट राहतो. पातळ चार हात, मध्ये एकेक दिवस. उत्तम. महाग. मेसचे पैसे गेले.
टांगल्यावर आयलेटपाशी फाटते. वरच्या कडेला मच्छरदाणीची पट्टी दोन हातांच्या मध्ये घातली. आता धरते.
कोऱ्या ताडपत्रीची साल कोरीच निघते.

१२ ऑक्टोबर
म्युझियमच्या जहांगीर निकल्सन गॅलरीत चित्रकार गायतोंडे यांची चित्रं पाहिली. आधीही पाहिलीत, तेव्हा 'शांत' वगैरे म्हणून पुढं गेले होते. सगळे तेच म्हणतात. आज अगदी जवळ गेले, रखवालदार दोनदा खाकरला.

गायतोंडे ब्रश जवळजवळ सोडून रोलर आणि पॅलेट नाइफवर गेले. कागदाचे फाटके तुकडे रंगासकट कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलायचे. जे मागं राहतं ते चित्र. थर चढवायचा, खरवडायचा, उचलायचा. जवळून पाहिलं तर कडा दिसतात, कागद कुठे फाटलेला होता ते दिसतं. मी इतकी वर्षं त्या चित्रांत ध्यान शोधत होते, तिथं मुळात उचलणं होतं. एक माणूस निजामुद्दीनमधल्या खोलीत बसून कागद उचलतोय, आणि वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं करतोय.

परतताना गाडीत ठरवलं : दिवाळीत घरी गोठ्याच्या ताडपत्रीची साल काढायची.

२५ ऑक्टोबर, कुरुंदवाड
मीडियमचे दोन डबे कपड्यांत गुंडाळून आणले. आण्णांना आधी वाटलं मी ताडपत्रीच मागतेय.
"न्यायाला ना न्हाई. पर मग म्हशीवर काय तुझं चित्र घालू?"
म्हटलं न्यायची नाही, चार दिवस अंगणात पसरून द्या, परत बांधते.
"चार दिस म्हसरं कुठं ठेवू?"
शेवटी शेजारच्यांची ताडपत्री चार दिवस आमच्या गोठ्यावर आली.

आता ताडपत्रीचं वर्णन, कारण मी ती पहिल्यांदाच उलगडून पाहिली. बारा बाय दहाची असेल. एका बाजूला दोरी काचून आयलेट लांबट झालंय. मधोमध काठीनं पाणी उडवायला आई खालून ढोसते तिथं फुगवटा, त्याच्या टोकाला सुताएवढं भोक, त्याला आतून सायकलच्या पंक्चरची रबरी चकती. घड्यांच्या रेघा पांढऱ्या नाहीत, तपकिरी आहेत, गाळ बसलाय. एका कडेला म्हशीनं चाटून चाटून स्वच्छ केलेला पट्टा. तेवढाच खरा निळा उरलाय. माझा जूनमधला रंग त्या पट्ट्याशीच जुळला असता.

सहा बाय चार फुटांचा भाग निवडला, फुगवटा मध्ये येईल असा. झाडू मारायचा नाही, पुसायचं नाही, असं आईला बजावलं.
"पाहुणी आलीया जणू," आई म्हणाली.

२७ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन, आणि पाऊस. ऑक्टोबर संपत आला तरी थांबत नाही, शिवारात सोयाबीन काळं पडलंय. दुसरा हात ओला असताना सर आली. वरून प्लास्टिकचा कागद धरून आण्णा, मी आणि चुलत भाऊ अर्धा तास उभे. ताडपत्री भिजू नये म्हणून धडपड! भाऊ म्हणाला, "मुंबईत हेच शिकवत्यात व्हय?"

३० ऑक्टोबर
चौथ्या हातावर साल काढली. खालच्या कडेपासून, दोन्ही हातांनी, आईनं दुसरं टोक धरून. रांगोळीच्या कागदासारखा आवाज येतो, बारीक तडतड. निघाली. फुगवट्यापाशी थांबले, तिथं रबरी चकतीच्या कडेत अडकली होती. आईनं पोळी उलथायच्या उलथन्यानं सोडवली.

निळा अजिबात आलेला नाही. आला तो गाळ. साल धुरकट पारदर्शक, आणि तिच्यात ताडपत्रीवरचा सगळा गाळ जिथल्या तिथं. घड्यांच्या तपकिरी रेघा, दोरीचा काच, चकतीचा गोल, म्हशीच्या जिभेचा पट्टा मोकळा. आणि खाली अंगणात ताडपत्री लख्ख निळी, बाजारातून आणल्यासारखी.

"ही बरी धुवून निघाली की," आई म्हणाली. आण्णांनी संध्याकाळी बांधूनही टाकली.

४ नोव्हेंबर
मूर्खपणा. जयसिंगपूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं आले, साल पीव्हीसी पाइपवर गुंडाळून, पण मध्ये बटर पेपर घालायला विसरले. अॅक्रिलिक स्वतःलाच चिकटतं हे मला माहीत होतं. डब्यात उकाडा, वर कुणीतरी बॅग ठेवली. इथं उलगडताना उजव्या बाजूचा हातभर भाग एकमेकांत कायमचा बसला. टाल्कम पावडर लावत, सुरीनं सोडवत रात्रभर बसले. दोन फाटे पडले. दुरुस्त करणार नाही, म्हणजे केले तर ते दिसतील असेच करीन, सायकलच्या चकत्या लावून.

७ डिसेंबर
एनजीएमएत सुधीर पटवर्धन. अख्खी इमारत त्यांची. ठाण्यात वर्षानुवर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम आणि बरोबरीनं चित्रं, हे माहीत होतं. पण इतकी माणसं एका छताखाली पाहिल्यावर गोलाकार जिना चढताना पाय जड झाले. इराणी हॉटेलात बसलेला माणूस, गाडीतली, पुलावरची, नाल्याकाठची. खांदे, मान, पोटाचा भार, सगळं नीट बांधलेलं. कुणी दया मागत नाही. मला सुरुवातीची जास्त आवडली. पुढची मोठी शहरदृश्यं पाहताना मी इमारती मोजायला लागते आणि माणूस हातून सुटतो, असं माझं आपलं मत. बरोबरच्या मित्रानं यावरून वडापाव संपेपर्यंत वाद घातला.

पण टोचलं ते दुसरंच. जूनपासून मी छपरं रंगवतेय आणि एकाही छपराखाली कुणी नाही. गाडीच्या खिडकीतून दिसलं तेवढंच घेतलं. शिवडीला मी एकदाही उतरलेले नाही.

१० डिसेंबर
रे रोडला उतरले. तासभर फिरले, वही पिशवीतच. एका बाईनं विचारलं, "सर्व्हेवाल्या का?" नाही म्हटलं. मग चहा दिला. त्यांच्या छपराला निळ्यावर काळी, काळीवर जाहिरातीच्या फ्लेक्सचं कापड, असे तीन थर. फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याचं तोंड आतल्या बाजूला. "वर ठेवलं तर उन्हानं फिकं पडतंय, आत असलं की घरात जरा उजेड वाटतो."

चित्र काढायला परत येऊ का, असं विचारणार होते. विचारलं नाही.

२२ जानेवारी २०२०
ज्युरी. तैलचित्र (साटनवालं, आता बरंच कडक झालंय) डावीकडे. साल खिडकीसमोर छतापासून टांगली, मागून उजेड. दुपारी साडेतीनला ऊन आलं तेव्हा गाळाच्या रेघा पेटल्यासारख्या दिसल्या, आणि नेमके तेव्हा परीक्षक चहाला गेले होते.

आल्यावर एक जण म्हणाले, "विषय निळी ताडपत्री. निळा कुठाय?"
म्हटलं, गोठ्यावर.
हसले. ते चांगलं की वाईट, कळलं नाही. बाहेरून आलेल्या मॅडम सालीजवळ बराच वेळ थांबल्या, चकतीच्या गोलावर बोट धरून, न टेकवता. मग विचारलं, "हे पेंटिंग आहे का?" सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, रंगाचंच आहे, फक्त रंग खालून लागलाय. मार्क अजून लागायचेत.

१५ फेब्रुवारी
आण्णांचा फोन. परवाच्या वाऱ्यात ताडपत्री फुगवट्यापाशी टरकन फाटली, दोन तुकडे. नवी आणलीय, आता पिवळी.
"जुनी तुला पायजे हुती न्हवं? पाठवू का यष्टीनं?"

क्षणभर मोह झाला. फाटलेली खरी ताडपत्री आणि तिची साल शेजारी शेजारी, ज्युरीला किती आवडलं असतं.
"नको," म्हटलं, "शेणी झाकायला ठेवा."
"ते तर कवाच झाकल्यात," आण्णा म्हणाले.